गोकाकचा गेंडा आणि माणसाच्या कातडीचा रंग

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या परिसरात एके काळी गेंडे चरत होते. ही दंतकथा नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले रॉबर्ट ब्रूस फूट दक्षिण महाराष्ट्राच्या, म्हणजे आजच्या बेळगाव-विजापूर पट्ट्याच्या पाहणीवर होते, तेव्हा गोकाकजवळच्या चिकदौली इथं जुन्या गाळात त्यांना गेंड्याचे अश्मीभूत अवशेष मिळाले. 1874 मध्ये त्यांनी या लुप्त प्राण्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि जातीला दख्खनचंच नाव दिलं, 'राइनोसेरॉस डेक्कनेन्सिस'. गेंड्याला पाणी लागतं, चिखल लागतो, उंच गवत लागतं. आज जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, त्या भागात हे सगळं भरपूर होतं.

फूट यांना गेंड्यापेक्षा माणसाच्या खुणांची ओढ जास्त. 30 मे 1863 रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम इथं त्यांना एक घडवलेला दगड सापडला, आणि भारतात अश्मयुगीन माणूस होता याचा पहिला पुरावा जगापुढं आला. मलप्रभेच्या खोऱ्यातही त्यांना अशी हत्यारं मिळाली. पुढं डेक्कन कॉलेजच्या र. वि. जोशी यांनी हेच खोरं पायाखाली घालून 1955 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आर. एस. पप्पू यांनी घटप्रभेच्या काठी अनगवाडी इथं उत्खनन केलं.

हत्यारं नेमकी याच भागात का, याचं उत्तर जमिनीत आहे. निपाणी, चिकोडीकडं बेसाल्टचा काळा दगड आणि त्याच्यापासून झालेली काळी माती. तंबाखू आणि ऊस त्या मातीत जोमानं वाढतात. गोकाकपासून पूर्वेला मात्र कलादगीचा वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट सुरू होतो. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून 52 मीटर खाली कोसळते, तो कडा याच दगडाचा. क्वार्ट्झाइट फोडला की कड धारदार निघते आणि ती टिकते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आणि तिच्या उत्तरेची घटप्रभा या नद्यांनी अशा दगडांचे गोटे आयते काठावर आणून टाकले होते. हातकुऱ्हाडी घडवणाऱ्याला याहून चांगली जागा कुठली?

पण त्या हातकुऱ्हाडी घडवणारा कोण होता? तो दिसायला कसा होता, त्याच्या कातडीचा रंग कोणता होता, आणि आज बेळगाव, खानापूर, निपाणीत राहणाऱ्या माणसांशी त्याचं काही नातं लागतं का? गेली दीडशे वर्षं या प्रश्नांची उत्तरं अनेकांनी दिली. त्यांतली कित्येक चुकीची होती, आणि त्यांची किंमत खऱ्या माणसांनी मोजली.

आधी दगडांचा हिशेब. कर्नाटकातल्याच हुणसगी-बैचबळ खोऱ्यात इसामपूर इथं के. पद्दय्या यांनी हातकुऱ्हाडींचा एक कारखानाच उजेडात आणला. त्याचं वय सुमारे 12 लाख वर्षं निघालं. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमची हत्यारं त्याहून जुनी, सुमारे 15 लाख वर्षांची. एवढ्या जुन्या काळी आपली मानवजात जन्मालाच आली नव्हती. ही हत्यारं आपल्या आधीच्या, आज नामशेष झालेल्या मानवांची आहेत. त्यांची हाडं मात्र भारतात जवळजवळ सापडतच नाहीत. अरुण सोनकिया यांना 1982 मध्ये नर्मदेकाठी हथनोरा इथं कवटीचा एक भाग मिळाला, तोच काय तो मोठा ऐवज. उष्ण हवा आणि जोरदार पाऊस हाडं खाऊन टाकतात. म्हणून मलप्रभेच्या हातकुऱ्हाडीवाल्याचा चेहरा आपल्यासमोर नाही.

आपल्या जातीचा माणूस आफ्रिकेतून निघून या उपखंडात आला तो फार नंतर. आंध्रातल्या ज्वालापुरम इथं इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची राख आहे, आणि त्या राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडं दगडी हत्यारं मिळाली. मायकेल पेट्राग्लिया यांच्या बरोबरीनं या कामात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे रवी कोरीशेट्टर होते. राखेखालची हत्यारं आपल्या जातीची की आधीच्यांची, यावर अजून वाद आहे. आज जिवंत असलेल्या भारतीयांच्या जनुकांचा हिशेब मात्र बराच स्पष्ट झाला आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 2,700हून अधिक भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले. भारतीयांचा बहुतेक सगळा वारसा सुमारे 50 हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या एकाच मोठ्या लोंढ्यातून आला, असं त्यातून दिसलं. वाटेत निअँडरथाल मानवांशी झालेल्या संकराचा एक-दोन टक्के वाटाही आपल्या सर्वांच्या अंगात आहे.

हे पहिले भारतीय काळे होते, याबद्दल अभ्यासकांत फारसं दुमत नाही. त्यामागचं कारण साधं आहे. आफ्रिकेत अंगावरचे केस विरळ झाले, घामानं शरीर थंड ठेवता येऊ लागलं, आणि उघड्या कातडीला उन्हापासून संरक्षणाची गरज पडली. एमसी1आर नावाच्या जनुकाच्या अभ्यासावरून आपल्या पूर्वजांची त्वचा 12 लाख वर्षांपूर्वीच गडद झाली असावी असा अंदाज आहे. नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी 2000 मध्ये त्याची कारणमीमांसा मांडली. अतिनील किरणांमुळं रक्तातलं फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होतं. गर्भवती स्त्रीला फोलेट कमी पडलं तर बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग राहू शकतं. कातडीतलं मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य ही हानी रोखतं. उत्तरेकडच्या मंद उन्हात उलट अडचण येते. तिथं गडद कातडीला पुरेसं ड जीवनसत्त्व बनवता येत नाही, म्हणून फिकट कातडीचा फायदा होतो. बेळगाव विषुववृत्तापासून जेमतेम 16 अंशांवर आहे. इथल्या उन्हात गडद रंग हे आरोग्याचं कवच होतं, आणि आजही आहे.

या पहिल्या भारतीयांच्या वंशजांनी दक्षिणेत शेती आणि गोपालन सुरू केलं ते साधारण पाच हजार वर्षांपूर्वी. कोरीशेट्टर आणि डोरियन फुलर यांच्या गटानं कर्नाटक-आंध्रातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांतले जळके दाणे तपासले, तेव्हा कुळीथ म्हणजेच हुलगा, मूग आणि बारीक भरड धान्यं यांची पिकं दक्षिणेतल्याच रानटी वाणांपासून घेतली जात होती असं दिसून आलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या घरांत आजही हुलग्याचं माडगं शिजतं. त्या हुलग्याची वंशावळ बेळगावच्या कुठल्याही घराण्यापेक्षा लांबची आहे. रायबागेच्या पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात तेरदाळ इथं याच काळातल्या लोकांची वस्ती होती.

महाराष्ट्राशी त्यांचं येणंजाणं होतं का? होतं, आणि त्याचा पुरावा दफनांत आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव इथं 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातल्या त्या गावात लहान मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मुलांना मडक्यात पुरण्याची हीच रीत बळ्ळारीकडच्या तेक्कलकोट इथल्या नवाश्मयुगीन लोकांतही होती. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आजच्या रूपात घडायच्या कितीतरी आधी या दोन मुलखांतली माणसं आपली मेलेली मुलं सारख्याच रीतीनं मातीत ठेवत होती. इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी केला. वय, आजार, दातांची झीज, कुपोषण हे सगळं हाडांतून वाचता आलं. रंग मात्र हाडांत उरत नाही.

हाडं रंगाबद्दल मुकी, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो रकाना स्वतःच्या कल्पनेनं भरला. गोकाकच्या धबधब्याजवळ कोन्नूर इथं लोहयुगातली शिलाकुटी-दफनं आहेत. वालुकाश्माच्या सपाट शिळा उभ्या करून वर शिळेचंच छत घातलेलं. कर्नाटकात अशा बांधकामांना लोक पांडवांची किंवा मौर्यांची घरं म्हणतात. ए. सुंदर यांनी उत्तर कर्नाटकातल्या या दफनांवर 1975 मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यांच्या शंभरेक वर्षं आधी सुरपूरला असलेल्या फिलिप मेडोज टेलर यांनी अशीच दफनं उकरून पाहिली होती. आयर्लंड-इंग्लंडातल्या दगडी थडग्यांशी त्यांचं साम्य पाहून दख्खनमधली ही स्मारकं केल्ट किंवा शक वंशीयांची असावीत असं त्यांनी मांडलं. इथल्याच काळ्यासावळ्या माणसांनी एवढ्या शिळा उभ्या केल्या असतील, हा विचार त्या काळी सहजी स्वीकारला जात नव्हता.

मग आली मोजमापं. 1884 मध्ये बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. त्यात एकेका जातीचं वर्णन करताना अंगकाठीबरोबर कातडीचा रंगही नोंदवलेला आहे. 1901च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले त्याहून पुढं गेले. नाकाची रुंदी आणि लांबी मोजून काढलेल्या आकड्यावरून त्यांनी भारतीयांचे वंश पाडले, आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची असा नियम सांगितला. मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कोडगू यांना त्यांनी 'शक-द्राविडी' ठरवलं. मुंबई इलाख्यातला बेळगाव जिल्हा या पट्ट्याच्या ऐन मध्यावर. शकांची टोळी इतक्या दक्षिणेला येऊन इथल्या शेतकऱ्यांत मिसळली याचा पुरावा रिस्ले यांच्याकडं नव्हता. त्यांच्याकडं नाकं मोजायचा कंपास होता आणि साम्राज्याची मोहोर होती, म्हणून हा सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला.

त्याला उत्तर मराठी माणसांनी दिलं, ही गोष्ट सीमाभागात मुद्दाम सांगायला हवी. घाट उतरला की येणाऱ्या मालवणात 1893 मध्ये जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 मध्ये जात आणि वंश या विषयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रिस्ले यांचेच आकडे त्यांनी नव्यानं मांडले आणि नाक व जातीची पायरी यांचा मेळ उत्तरेतल्या गंगेच्या मैदानाबाहेर बसत नाही हे दाखवून दिलं.

बाबासाहेब आंबेडकर तर त्याहून आधी बोलले होते. मे 1916 मध्ये, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णद्वेषाच्या वातावरणात वाढलेले असल्यानं जातिव्यवस्थेत ते रंगाला नको इतकं महत्त्व देतात, असं त्यांनी तिथं स्पष्ट म्हटलं. नऊ वर्षांनी, एप्रिल 1925 मध्ये, बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी ते निपाणीला आले. निपाणीच्या वराळे घराण्याशी त्यांचे ऋणानुबंध पुढं दृढ झाले, आणि बळवंतराव वराळे त्यांचे निकटचे सहकारी बनले. 1948 मध्ये अस्पृश्यांच्या उगमावर लिहिताना बाबासाहेबांनी घुर्ये यांनी दिलेली मोजमापं वापरली आणि एका प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत, असं मांडलं. अस्पृश्यता वंशातून आलेली नाही, ती माणसांनी लादली, हे सिद्ध करणं त्यांच्या दृष्टीनं माणसाच्या सुटकेच्या लढ्याचाच भाग होतं.

तिसरं नाव इरावती कर्वे यांचं. 1920च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडं संशोधनाला गेल्या. फिशर पुढं नाझी वंशशास्त्राचे मोठे आधारस्तंभ झाले. गोऱ्या युरोपीयांच्या कवट्यांची ठेवण इतरांहून वेगळी, असमतोल असते आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, अशी त्यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंश व कवटीचा असमतोल यांत संबंध सापडत नाही, असा निष्कर्ष लिहून त्या मोकळ्या झाल्या. मार्गदर्शकाच्या हाताखाली राहून त्याचाच सिद्धान्त नाकारायला फार मोठं बळ लागतं. 1939 पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापं 1951 मध्ये प्रसिद्ध केली, आणि 1968 मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली. सामाजिक पायरी एकच असली तरी या पोटजाती जैविकदृष्ट्या एका मुळाच्या फांद्या ठरत नाहीत, असं त्यांना आढळलं. हेच मल्होत्रा तेक्कलकोटच्या उत्खननाच्या ग्रंथाचे सहलेखक.

घुर्ये, आंबेडकर आणि कर्वे यांच्या हाती फूटपट्टी आणि तर्क एवढंच होतं. डीएनए वाचायची सोय नंतर आली, आणि तिनं या तिघांची बाजू भक्कम केली.

2009 मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे लालजी सिंह आणि के. थंगराज यांनी डेव्हिड राइश यांच्या गटाबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीय मुख्य भूमीवरचा अभ्यासलेला जवळजवळ प्रत्येक समूह मिश्र आहे, असं त्यात आढळलं. पुढच्या दहा वर्षांत हे मिश्रण उलगडत गेलं. त्यात मुख्य प्रवाह तीन आहेत. पहिला, इथल्या आदिम शिकाऱ्यांचा. दुसरा, प्राचीन इराणी पठाराशी नातं असलेल्या लोकांचा. तिसरा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा. 2019 मध्ये डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या गटानं राखीगढीतल्या एका स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध केला. साठहून अधिक नमुन्यांतून एकाच सांगाड्यानं पुरेसा डीएनए दिला. सिंधू संस्कृतीतल्या त्या स्त्रीत पहिले दोन प्रवाह होते, तिसरा नव्हता.

हे प्रवाह मिसळले कधी? 2013 मध्ये प्रिया मूर्जानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 73 समूहांचा अभ्यास करून उत्तर दिलं: आजपासून सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात. त्यानंतर जातीबाहेरची लग्नं थांबत गेली आणि प्रत्येक जात आपापल्या कुंपणात बंद झाली.

1,900 वर्षांपूर्वीचं बेळगाव कसं होतं, ते पाहायला शहराबाहेर जावं लागत नाही. वडगाव-माधवपूर भागात कर्नाटक विद्यापीठानं ए. सुंदर यांच्या देखरेखीखाली उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातलं नांदतं नगर बाहेर आलं. त्याच काळात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला भूमध्य समुद्राकडून आलेली पोसायडनची कांस्यमूर्ती पोहोचली होती. कोल्हापूर आणि वडगाव-माधवपूर या दोन्ही ठिकाणी कुर राजांची नाणी मिळतात: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. राजे स्वतःची ओळख आईच्या गोत्रावरून सांगत. निपाणी या दोन नगरांच्या मधल्या वाटेवर आहे. व्यापारी, कारागीर, सैनिक, भिक्षू त्या वाटेनं जात-येत होते, आणि जातींची कुंपणं अजून घट्ट व्हायची होती. भारतीयांना आईकडून मिळणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला तर निम्म्याहून अधिक लोकांत तो 'एम' या अतिप्राचीन वंशशाखेचा निघतो. ही शाखा इथल्या पहिल्या वसाहतकारांपर्यंत जाते. बाहेरून कोणीही आलं तरी आयांची साखळी बरीचशी इथलीच राहिली.

सीमाभागातल्या सोयरिकीतही हा मिलाफ जिवंत आहे. इरावतीबाईंनी 1953च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानलं. भाषा उत्तरेच्या कुळातली, पण मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत दक्षिणेची. चिकोडीच्या कन्नड घरात आणि निपाणीच्या मराठी घरात 'मामाची पोर' या शब्दांना सारखाच अर्थ आहे. भाषेवरून इथं मोर्चे निघाले, हुतात्मे झाले, खटले चालू राहिले, आणि भाषेचा तो प्रश्न खराच आहे. पण त्यात रक्ताचा वेगळेपणा कुणी घुसडला तर त्याला जमिनीखाली किंवा जनुकांत कुठंच आधार मिळत नाही.

मग एकाच घरात एक भाऊ गोरा आणि दुसरा काळा कसा? याचा धागा 2005 मध्ये एका माशात सापडला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले कीथ चेंग झेब्राफिश या पट्टेरी माशाच्या फिकट वाणाचा अभ्यास करत होते. एसएलसी24ए5 या जनुकातल्या बिघाडामुळं तो मासा फिकट झाला होता, आणि माणसातही त्याच जनुकातल्या एका अक्षराच्या बदलानं कातडी उजळते असं दिसून आलं. युरोपात हा बदल जवळजवळ सर्वांत आहे, पूर्व आशियात क्वचित, आणि भारतात दोन्ही रूपं शेजारी शेजारी. 2013 मध्ये थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांतला आणि युरोपीयांतला हा बदल एकाच मूळ प्रतीतून आल्याचं दाखवलं. त्या प्रतीचं वय त्यांनी 22 ते 28 हजार वर्षं काढलं. आईवडील दोघंही गव्हाळ असले आणि दोघांकडं एकेक फिकट प्रत असली, तर एका मुलाला दोन्ही फिकट प्रती मिळू शकतात आणि दुसऱ्याला एकही नाही. त्यातून रंगावर परिणाम करणारी इतरही जनुकं आहेत. वारसा मात्र दोघांना त्याच चार आजी-आजोबांकडून आलेला असतो. लाखो पानांच्या ग्रंथातली पाच-दहा पानं चाळून ग्रंथकाराचं घराणं सांगता येत नाही, तसंच हे आहे.

युरोपच्या प्रागितिहासानंही हाच धडा दिला. इंग्लंडात सॉमरसेटमधल्या चेडर इथल्या गुहेत 1903 मध्ये सुमारे 10 हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा मिळाला होता. 2018 मध्ये त्याच्या डीएनएवरून लंडनच्या संशोधकांनी त्याचा रंग बहुधा गडद आणि डोळे फिकट असल्याचं सांगितलं. स्पेनमधल्या ला ब्रान्या गुहेतला 7 हजार वर्षांपूर्वीचा शिकारीही तसाच निघाला. जनुकांवरून रंगाचं भाकीत करताना खात्रीपेक्षा शक्यतेची भाषा वापरावी लागते. तरीही युरोपचा गोरेपणा अनादि नव्हता, हे आता नक्की आहे. आफ्रिकेतही सगळे एकाच रंगाचे नाहीत. सेरा टिश्कॉफ यांच्या 2017च्या अभ्यासात रंग गडद करणारी आणि फिकट करणारी काही जनुकरूपं लाखो वर्षं जुनी, म्हणजे आपल्या जातीच्या जन्माच्या आसपासची किंवा आधीचीच निघाली.

सीमाभागातल्या वधू-वर मेळाव्यांत आजही 'गोरी' हा शब्द पहिल्या ओळीत येतो. सावळ्या मुलीच्या आईला हुंड्याचा आकडा वाढवून सांगितला जातो. लग्नाच्या बैठकीत रंगावरून घराणं जोखणाऱ्यांना आपण एक जैविक सत्य पाहतो आहोत असं वाटतं. खरं तर ते मोजक्या जनुकांतली काही अक्षरं पाहत असतात, आणि त्यांवरून मुलीचं कूळ, बुद्धी, स्वभाव यांतलं काहीही कळत नाही. रिस्ले यांचा कंपास सरकारी कचेरीतून गेला, पण लग्नाच्या बैठकीत तो अजून शिल्लक आहे, आणि त्यानं दर वर्षी किती मुलींचा आत्मविश्वास चिरडला जातो हे या भागातल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारावं.

रंग सारखा असूनही वारसा अगदी वेगळा, याचं उदाहरणही बेळगाव जिल्ह्यातच आहे. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यात आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, कलघटगी भागात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या कित्येकांनी सह्याद्रीच्या रानात पळून येऊन संसार मांडले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. बोलण्यात कोकणी, मराठी, कन्नड मिसळलेली. खानापूरचा एखादा बिगर-सिद्दी शेतकरीही तितकाच काळा असतो. पण रंगाच्या या साम्यामागं सुमारे 50 हजार वर्षांची ताटातूट आहे, कारण शेतकऱ्याचा गडद रंग इथल्या पहिल्या वसाहतकारांकडून आला, आणि सिद्दींचा गेल्या काही शतकांत आफ्रिकेतून.

1987 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलांना धावपटू बनवायची खास योजना आखली. आफ्रिकी वंश म्हणजे वेग, हा त्यामागचा हिशेब. काही मुलांनी राष्ट्रीय पातळीवर पदकं मिळवली, मग 1990च्या दशकात योजना गुंडाळली गेली आणि मुलं गावी परतली. पोटापाण्याचा प्रश्न तिथंच राहिला. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या त्यांच्याच नातेवाइकांना तो मिळायला 2020ची कायदेदुरुस्ती यावी लागली. त्याच वर्षी यल्लापूर भागातले शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले आणि या समाजाचा आवाज पहिल्यांदा विधिमंडळात पोहोचला.

आता खानापूरच्या सिद्दी मुलांना शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि राखीव जागा मागायचा हक्क आहे. तो त्यांच्या हातात पडेपर्यंत शाळांनी आणि कचेऱ्यांनी त्यांच्या मागं उभं राहायला हवं. वर्गात या मुलांना 'परदेशी' म्हणून हिणवलं जातं, तेव्हा 2011 मध्ये थंगराज यांच्याच प्रयोगशाळेतून आलेला निष्कर्ष शिक्षकांना माहीत असायला हवा. सिद्दींच्या जनुकांत आफ्रिकेतल्या बांटू लोकांचा वारसा मोठा आहे, आणि त्याबरोबर भारतीयांचाही ठळक वाटा आहे. सुमारे आठ पिढ्यांपूर्वी, म्हणजे पेशवाई संपून इंग्रजी अंमल बसत होता त्या सुमाराला, या भागातल्या लोकांशी त्यांची सोयरीक झाली होती.